चार्जरला परवाना लागत नाही. मग वस्तीत अडते कुठे?

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा सध्या मोठा गाजावाजा चालू आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी सात वर्षांत तीन धोरणे जाहीर केली. २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी विजेच्या मोटारींना टोलमाफी देण्यात आली. निर्णय चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण या तिन्ही रस्त्यांवर दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांना मुळात प्रवेशच नाही. म्हणजे ज्याच्याकडे विजेची मोटार आहे त्याचा टोल वाचला. जो ई-रिक्षा ओढून किंवा विजेच्या स्कूटरवर पार्सल पोहोचवून पोट भरतो, त्याला या माफीतून एक पैसाही मिळाला नाही. त्याचा प्रश्न टोलचा नाहीच. त्याचा प्रश्न एवढाच आहे की, रात्री घरी आल्यावर गाडी चार्जिंगला लावायची कुठे आणि कोणाच्या मीटरवर?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. चळवळीच्या वर्तमानपत्रात चार्जरवर लेख कशाला, असेही कोणी विचारील. परंतु घर, मीटर आणि जागा या तीन गोष्टी ज्याच्या नावावर आहेत त्याच्यासाठीच हा प्रश्न किरकोळ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) गावठाणाबाहेरच्या वस्तीत, गायरानावरच्या घरात किंवा शहरातील भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला तो रोज रात्री पडतो. म्हणून या प्रश्नाची कायद्याची बाजू आणि व्यवहाराची बाजू, दोन्ही आम्ही येथे मांडत आहोत.

कायदा काय म्हणतो?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरी चार्जर बसवायला महापालिकेचा, नगरपरिषदेचा, ग्रामपंचायतीचा किंवा वीज आयोगाचा कोणताही वेगळा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले की, गाडीची बॅटरी चार्ज करून देणे ही सेवा आहे, ती वीजविक्री नव्हे. त्यामुळे विद्युत अधिनियम २००३ खाली त्यासाठी परवाना नको. हे सार्वजनिक चार्जिंग केंद्राबाबत झाले. घरच्या चार्जिंगबाबत १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले की, गाडीचा मालक आपल्या घरच्या किंवा कार्यालयाच्या आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो.

त्यानंतर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा पर्याय दिला. जोडणी देण्याची मुदतही कमी केली. महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस. डोंगराळ ग्रामीण भागाला तेवढी ३० दिवसांची मुदत आहे. म्हणजे संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा नगरपरिषदांच्या हद्दीत अर्ज पूर्ण झाल्यापासून सात दिवसांत जोडणी मिळाली पाहिजे आणि अकोल्याच्या डोंगरातील गावातसुद्धा महिन्याच्या वर विलंब करता येत नाही.

गाडीच्या बाजूनेही कायदा मोकळा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन ई-रिक्षाला मान्यता मिळाली. पुढे १८ ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू गाड्यांना परमिटच्या अटीतून सूट दिली. नोंदणी, विमा, वाहन चालवण्याचा परवाना हे लागतेच. पण ज्या परमिटसाठी पूर्वी रिक्षाचालकाला दलालांचे उंबरे झिजवावे लागत, ते परमिट नको. गाडीला परमिट नको, चार्जरला परवाना नको. मग अडते कुठे?

घर कोणाचे, मीटर कोणाचे?

अडते ते कायद्यात न लिहिलेल्या परवानगीत. "आहे त्या वीजजोडणीवर चार्ज करा" असे शासन म्हणते तेव्हा ते एक गोष्ट गृहीत धरते. जोडणी तुमच्या नावावर आहे, मीटर तुमच्या भिंतीवर आहे आणि मीटरपासून गाडीपर्यंतची जागाही तुमची आहे! बंगल्यात राहणाऱ्याला हे तिन्ही आपोआप मिळते. भाडेकरूचे मीटर घरमालकाच्या नावावर असते, तो सब-मीटरवर मालक सांगेल तो दर देतो आणि चार्जरची वायर पोर्चमध्ये आणायची म्हटली की मालकाची परवानगी लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागते. गायरानावर किंवा वहिवाटीच्या जागेवर घर असलेल्याकडे सिटी सर्व्हेचा उतारा नसतो, नमुना आठवर नाव असेलच याची खात्री नसते. मग "मालकीचा पुरावा आणा", "नाहरकत दाखला आणा" अशी एकेक अट पुढे येते. चार्जरची गोष्ट तर पुढची, आधी मीटरचीच मारामार!

येथे वाचकांनी विद्युत अधिनियमाचे कलम ४३ नीट लक्षात ठेवावे. या कलमाप्रमाणे वीजपुरवठा मागण्याचा हक्क जागेच्या "मालकाला किंवा ताबेदाराला" आहे. कायद्याने मुद्दाम ताबेदार हा शब्द घातला आहे. अर्ज पूर्ण असताना मुदतीत पुरवठा दिला नाही, तर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२२ रोजी दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. वीज ही मूलभूत सुविधा असून कोणालाही तिच्यापासून वंचित ठेवता येत नाही, घरमालक नाहरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही आणि वीज कंपनीने अर्जदार त्या जागेच्या ताब्यात आहे की नाही एवढेच तपासायचे आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी १९९५ साली चमेली सिंग प्रकरणात याच न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्कात विजेचाही समावेश केला होता. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडता येत नाही, रोखता येत नाही.

म्हणून कोणत्याही कार्यालयात घरमालकाचा नाहरकत दाखला नाही म्हणून अर्ज घेतला जात नसेल, तर तोंडी वाद घालत बसू नये. ताब्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नकार लेखी मागावा. वीजजोडणी मिळाली म्हणून जागेची मालकी मिळत नाही हे खरे. पण मालकी नाही म्हणून अंधारात राहा, असेही कायदा म्हणत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवावी. जागेवर आधीच्या ग्राहकाची थकबाकी असेल आणि नियमांत तशी तरतूद असेल, तर ती नव्या मालकाकडून मागता येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ च्या निकालात म्हटले आहे. तेव्हा जागा घेताना जुने बिल पाहूनच घ्यावे.

महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून त्या वर्षीच्या ६ डिसेंबरपर्यंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली होती. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला पाचशे रुपये अनामत पाच हप्त्यांत भरून घरगुती जोडणी देण्याची ती योजना होती. जयंतीला सुरू होऊन महापरिनिर्वाण दिनापर्यंत चाललेल्या त्या योजनेने एक गोष्ट शासनाच्याच तोंडून वदवली: २०२१ सालीही या राज्यात मागासवर्गीयांची अशी घरे होती, ज्यांना साध्या दिव्यासाठी वेगळी योजना लागत होती. ज्या घरात दिवा हप्त्याने येतो, त्या घराला "आहे त्या जोडणीवर गाडी चार्ज करा" असे सांगणे म्हणजे काय, याचा विचार धोरणकर्त्यांनी करावा.

कलम १२६ ची टांगती तलवार

आता दुसरा धोका. समजा मीटर आहे. त्याचा मंजूर भार किती आहे? वस्तीतील जुन्या जोडण्या बहुधा सिंगल फेजच्या आणि कमी भाराच्या असतात. विजेच्या स्कूटरचा चार्जर मिक्सर-इस्त्रीएवढाच भार घेतो. नगरच्या कायनेटिक कारखान्याशी जिचे नाव जोडलेले आहे त्या लुनाची विजेवरची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आली; तिची बॅटरी दोन युनिटची आहे. अशा गाडीला साधा प्लग पुरतो. ई-रिक्षाचा चार्जर साधारण एक किलोवॅट भार कित्येक तास सलग घेतो. मोटारीचा भिंतीवरचा चार्जर मात्र सात किलोवॅटच्या पुढे जातो. मंजूर भारापेक्षा जास्त भार वापरणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सीताराम राइस मिल प्रकरणात २०११ साली ठरवले आहे. घरगुती मीटरवरून शेजारच्या चार रिक्षा पैसे घेऊन चार्ज करून दिल्या, तर तो मंजूर कारणापेक्षा वेगळा वापर होतो.

अशा वेळी कलम १२६ लागते. वीज चोरीचे कलम १३५ वेगळे. १२६ मध्ये फौजदारी गुन्हा नाही, पण आकारणी दुप्पट दराने होते आणि कालावधी ठरवता आला नाही तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांची आकारणी करता येते. दोन खोल्यांच्या घराला असे एक बिल आले की गाडीचा हप्ता बुडाला, गाडी ओढून नेली, संपले! तात्पुरत्या आकारणीच्या आदेशावर हरकत घेता येते. अंतिम आदेशावर कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करता येते. पण त्यासाठी आधी आकारणीची अर्धी रक्कम भरावी लागते. अपिलाचा हक्क आहे, परंतु त्याच्या दारातच अर्धे बिल उभे आहे.

राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात नोंद आहे की, ग्राहक स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज करत असेल तर त्या जागेचाच दर लागू होतो. म्हणजे घरात चार्ज होणाऱ्या स्वतःच्या गाडीला घरगुती दर. आमच्या मते ही नोंद भाड्याने चालवल्या जाणाऱ्या स्वतःच्या ई-रिक्षालाही लागू होते, कारण तेथे कसोटी गाडी कोणाची आणि जागा कोणाची ही आहे. गाडीतून कमाई होते की नाही ही नाही. शिवणयंत्रावर घरी चार कपडे शिवणाऱ्या बाईचे घर जसे कारखाना होत नाही, तसे ई-रिक्षावाल्याचे घर चार्जिंग केंद्र होत नाही. पण आमचे मत असून भागणार नाही. हे महावितरणने लेखी परिपत्रकाने स्पष्ट केले पाहिजे. अन्यथा प्रत्येक भरारी पथकाला आपापला अर्थ लावण्याची मोकळीक राहील आणि त्याचा फटका कोणाला बसेल हे सांगायला नको.

बिलाचा हिशेब

कार्यकर्त्यांनी घोषणांबरोबर हिशेबही मांडावा. ई-रिक्षाला साधारण १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या धरल्या तर एकूण साठवण ४.८ युनिट होते. चार्ज करतानाची गळती धरली तर मीटरवर सहा युनिट पडतात. महिन्याचे २६ दिवस धरले की १५६ युनिट झाले. घराचा स्वतःचा वापर ८० युनिटचा असेल तर बेरीज २३६.

घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत आणि दुसरा १०१ ते ३०० पर्यंत आहे. अलीकडच्या वर्षांच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. म्हणजे रिक्षाच्या १५६ युनिटपैकी फक्त २० युनिट स्वस्त टप्प्यात बसतात आणि १३६ युनिट महाग टप्प्यात जातात. गरिबासाठी ठेवलेल्या पहिल्या टप्प्याचा फायदा, त्याने कष्टाची गाडी घेतली की संपतो! चार्जिंगसाठी असलेल्या वेगळ्या वर्गवारीत असे चढते टप्पे नाहीत. म्हणून २०२४ च्या नियमाप्रमाणे स्वतंत्र जोडणी घेणे अनेकांना परवडू शकते; मात्र तिचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, तेव्हा दोन्ही बाजूंचा हिशेब करूनच निर्णय घ्यावा. घरच्या छतावर सौर पॅनेल बसवा असाही सल्ला दिला जातो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण त्यासाठीही आधी स्वतःचे छत लागते. भाडेकरूला छत कोठून आणायचे?

सुरक्षा ही श्रीमंतांची चैन नव्हे

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. ती आग गाडीच्या चार्जिंगची नव्हती. पण निष्काळजीपणाची किंमत उपचारासाठी सरकारी खाटेवर झोपलेला माणूस कशी मोजतो, हे या शहराने पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि चार्जिंग करावे लागते, तेथे असा अपघात टळणे कठीण असते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ साली चार्जिंगच्या सुरक्षेचे नियम केले. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर म्हणजे सुमारे अडीच फुटांवर असावे, जोडवायर म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये, गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर गेला की पुरवठा तोडणारे उपकरण (आपले वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात) बसवावे, अर्थिंग पक्के असावे, अशा या गोष्टी आहेत. नियम योग्यच आहेत. पण खिडकीतून वायर सोडून बोळात उभ्या केलेल्या रिक्षापर्यंत पोहोचवणारा माणूस ते पाळणार कसा? तो बेफिकीर आहे म्हणून एक्स्टेंशन वापरत नाही; गाडी उभी करायला मीटरजवळ जागा नाही म्हणून वापरतो. कोणी घरमालकाच्या भीतीने चोरून चार्ज करतो, कोणी आकडा टाकतो. परवानगी नाकारली म्हणून चार्जिंग थांबत नाही, ते फक्त अधिक धोकादायक होते. म्हणूनच हक्काची जोडणी आणि सुरक्षित जोडणी या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

वीज कोणासाठी? बाबासाहेबांचा प्रश्न

वीज हा विषय चळवळीला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडेच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम व वीज धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षस्थानावरून बोलताना त्यांनी वीज सरकारी मालकीची असावी की खासगी, हा प्रश्न उपस्थित केला. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे आणि ती दारिद्र्यातून सुटण्याचे साधन झाली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले आणि त्या पायाभरणीतून पुढे वीजपुरवठा कायदा १९४८ आला. वीज मंडळे त्या कायद्याची अपत्ये. २००३ च्या कायद्याने तो १९४८ चा कायदा रद्द केला, मंडळांच्या कंपन्या झाल्या. पण बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न रद्द झालेला नाही.

आपल्या जिल्ह्याला तर विजेच्या राजकारणाचा मोठा इतिहास आहे. १९६९ साली नोंदलेली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या गावांना वीज पुरवीत होती. देशातील पहिल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी ती एक. ३१ जानेवारी २०११ रोजी तिचा परवाना संपला आणि १ फेब्रुवारीपासून तेथे महावितरण आले. त्या चाळीस वर्षांत शेतीपंपाच्या विजेवर निवडणुका लढवल्या गेल्या, मोर्चे निघाले, मंत्री झाले. वस्तीतल्या एका दिव्याच्या मीटरवर किती सभा झाल्या? ज्याच्या शेतात पंप होता त्याची वीज हा राजकीय प्रश्न झाला. ज्याच्याकडे शेतच नव्हते त्याची वीज हा त्याचा खासगी प्रश्न राहिला. चार्जरच्या बाबतीत हेच पुन्हा होऊ द्यायचे का?

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानमधील माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनीही चालू राहावे, ही मानवी प्रतिष्ठेची विटंबना आहे, हे त्या आदेशाचे सार होते. विजेची गाडी म्हणजे कष्टकऱ्याच्या छातीवरचे आणि पायांवरचे ओझे उतरवणारे यंत्र आहे, हे या आदेशाने अधोरेखित केले. पण ओझे खरोखर उतरायचे असेल तर गाडीबरोबर प्लगही मिळाला पाहिजे.

बाहेर काय चालले आहे?

भाडेकरूचा विचार करणे अशक्य आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने बाहेर पाहावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१५ पासून भाडेकरूने स्वखर्चाने चार्जर बसवण्याची लेखी मागणी केली, तर घरमालकाला काही अटींसह ती मान्य करावी लागते. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून भाडेकरूला अशी मागणी करण्याचा कायदेशीर हक्क आहे. इंग्लंडमध्ये २०२२ साली घरगुती चार्जरचे अनुदान स्वतंत्र घराच्या मालकांसाठी बंद करून भाडेकरू आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांपुरते ठेवले गेले. म्हणजे ज्याची अडचण खरी, त्याला मदत. आपल्याकडे दिल्ली सरकारने २०२१ साली खासगी चार्जर बसवण्यासाठी एक खिडकी पद्धत आणली आणि पहिल्या तीस हजार चार्जिंग पॉइंटना सहा हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात घरी चार्जर बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देण्यास नागरी संस्थांना प्रोत्साहन होते. पण मालमत्ता कर भरतो मालक. भाडेकरूच्या हातात त्यातून काय पडणार?

आमच्या मागण्या

यातून पुढील मागण्या निघतात. पहिली, महावितरणच्या अहिल्यानगर मंडळाने सर्व उपविभागांना लेखी सूचना द्याव्यात की, चार्जिंगच्या जोडणीसाठी ताब्याचा पुरावा पुरेसा आहे आणि घरमालकाच्या नाहरकतीवाचून अर्ज अडवू नये. दुसरी, स्वतःची ई-रिक्षा स्वतःच्या घरी चार्ज करणे हा घरगुती वापरच आहे, असे परिपत्रक काढावे. तिसरी, मंजूर भार वाढवून घेण्यासाठी वस्त्यांमध्ये शिबिरे घ्यावीत आणि कारवाईपूर्वी भार नियमित करून घेण्याची संधी द्यावी. नवा भार येणार म्हणून वस्तीतल्या डीपीची क्षमताही तपासावी.

चौथी मागणी महापालिका आणि नगरपरिषदांकडे आहे. ज्यांच्या घराजवळ गाडी उभी करायला जागाच नाही, त्यांच्यासाठी वस्तीजवळ रात्रीच्या संथ चार्जिंगचे सामायिक पॉइंट उभारावेत. केंद्राच्या २०२२ च्या सूचनांत शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक सार्वजनिक केंद्र धरले होते. मोटारीला ते चालेल. सहा-आठ तास चार्जिंग लागणाऱ्या ई-रिक्षाचा मालक तीन किलोमीटरवर गाडी सोडून घरी येऊन झोपणार कसा? त्याच सूचनांत सरकारी जागा प्रतियुनिट एक रुपया महसूल वाट्यावर चार्जिंगसाठी देण्याची सोय होती. समाजमंदिराजवळची, पालिकेच्या दवाखान्याजवळची, आठवडे बाजाराची मोकळी जागा यासाठी का वापरता येऊ नये? ज्यांना लोक अजूनही दलित वस्ती सुधार योजना म्हणतात, त्या योजनांच्या अनुज्ञेय कामांत सुरक्षित वायरिंग आणि चार्जिंग पॉइंट यांचा समावेश करावा. दरवर्षी त्याच गल्लीत तोच काँक्रीटचा थर टाकण्यापेक्षा हे काम उपयोगाचे होईल. वाहनांची चाचणी घेणारी केंद्र सरकारची व्हीआरडीई ही संस्था याच नगरमध्ये आहे. वाहन तपासणारे शहर वाहनाच्या प्लगची सोय करू शकत नाही, हे कसे चालेल?

मागण्या करून आपण स्वस्थ बसायचे नाही. प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी ई-रिक्षा आणि विजेच्या दुचाकी असणाऱ्यांची यादी करावी: मीटर कोणाच्या नावावर, मंजूर भार किती, गाडी कोठे उभी राहते. परवानाधारक ठेकेदाराकडून चाचणी अहवाल घेऊन अर्ज एकत्र द्यावेत. मुदत उलटली किंवा नकार आला तर नाशिक परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. तेथे न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपालाकडे जाता येते. मात्र कलम १२६ च्या आकारणीची वाट वेगळी आहे, तिचे तीस दिवस चुकवू नयेत. आपल्यातील वकिलांनी आणि वायरमन तरुणांनी आठवड्यातला एक तास यासाठी द्यावा.

कोणताही नवा कायदा आम्ही मागत नाही. मालक किंवा ताबेदार, असे कायद्यात दोन शब्द आहेत. व्यवहारात पहिला शब्द वाचला जातो आणि दुसरा गाळला जातो. तो दुसरा शब्द जिल्ह्यातील प्रत्येक वीज कार्यालयाला वाचायला लावणे, हे आपल्या हातात आहे. त्यासाठी पुढच्या महिन्यात एखाद्या वस्तीतून दहा अर्ज जरी एकत्र गेले, तरी सुरुवात झाली असे आम्ही समजू.